मेडिकलला आहे

एप्रिलातली गोष्ट. धुळ्याहून चोपड्याला परत येत होते, अमळनेरमार्गे जाणाऱ्या लाल गाडीत. दुपारचे साडेतीन. निम्म्या खिडक्यांच्या काचा सरकत नव्हत्या, सरकत होत्या त्यांतून झळा आत येत होत्या, आणि बाकाचं रेक्झिन साडीतूनही पाठीला चटके देत होतं. पुढच्या बाकावर खिडकीशी एक मुलगी होती. उन्हाळ्यात आपल्याकडच्या सगळ्याच मुली गुंडाळतात तसा स्कार्फ तिने गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे, मांडीवर सॅक. अमळनेरला तिच्या शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. नऊवारी, कपाळावर गोंदण, पायात प्लॅस्टिकची चप्पल. कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून तिने कंडक्टरला दाखवलं, शून्याचं तिकीट घेतलं, मुठीत धरलं, आणि मग निवांत होऊन मुलीकडे वळली. "काय शिकस वं माय तू?"

"मेडिकलले शे, आजी."

"मंग डाक्टरीण व्हशी!" म्हातारीने दोन्ही तळवे मुलीच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मुलगी गप्प राहिली. आवाज मला ओळखीचा वाटत होता. थोड्या वेळाने पाणी प्यायला तिने स्कार्फ हनुवटीखाली ओढला, बाटली सॅकच्या कप्प्यात ठेवायला वळली आणि आमची नजरानजर झाली. माझीच विद्यार्थिनी, धुळ्याला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचा फॉर्म माझ्याच टेबलावर भरला गेला होता. "मॅडम," एवढंच ती म्हणाली, हसली, आणि ते हसू मध्येच थांबलं. मी आता काहीतरी बोलेन आणि म्हातारीला कळेल, ही भीती तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसली. मी काही बोलले नाही. मीही हसले आणि बाहेर बघायला लागले.

खोटं ती बोललीच नव्हती.

मेडिकल हा आपल्याकडे फार पसरट शब्द आहे. डी.फार्म. करून कोणी दुकान काढलं की "त्याने मेडिकल टाकलं". रात्री ताप चढला की "मेडिकल उघडं आहे का बघ". पोलीस भरतीला "मेडिकल" असतं, रजेला "मेडिकल" लावतात. आणि लग्नात, बारशात, दहाव्याला, जिथे चार नातेवाईक जमतात तिथे "मेडिकलला आहे" म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात पुढचं वाक्य आपणच पूर्ण करतो. बी.पी.टीएच.चा, म्हणजे फिजिओथेरपीचा मुलगा मेडिकलला असतो, कानांच्या तपासणीचं शिकणारी मुलगी मेडिकलला असते, प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या रंगवणारा मेडिकलला असतो. फोड करून कोणी सांगत नाही. फोड केली की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक "अच्छा" उमटतो, आणि तो "अच्छा" फार लागतो. एवढं नेमकं मला ठाऊक आहे, कारण माझं स्वतःचं असं एक वाक्य होतं. शाळेत कोणी विचारलं, आई काय करते, की मी सांगायची, "आरोग्य खात्यात आहे."

आई एएनएम होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्राची नर्सबाई. डोंगराळ भागात 3000 वस्तीला एक उपकेंद्र असा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला गाव एक आणि पाडे अकरा होते, त्यातल्या चार पाड्यांवर चाकाचं काहीही जात नव्हतं. लसीच्या दिवशी ती पहाटे पाचला निघायची. खूप वर्षं मला वाटायचं की ऊन टाळायला. तसं नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेल्या निळ्या डब्यातला बर्फ ती पाड्यावर पोहोचायच्या आधी वितळायला नको, म्हणून. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, आणि आपल्याकडे एप्रिलात सावलीतसुद्धा 43 असतं. गोवराची किंवा बीसीजीची कुपी एकदा द्रव घालून तयार केली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. त्या चार तासांत सहा पोरं जमली तर ठीक. एकटंच आलं, तर एका पोरासाठी कुपी फोडायची की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. ती फोडायची. वरिष्ठ वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब मागायचे तेव्हा मान खाली घालून ऐकून घ्यायची.

तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. घरातल्या स्टोव्हवर एका पातेल्यात आमचा चहा, दुसऱ्यात सिरिंजा उकळत. रॉकेल, स्पिरिट आणि ओल्या कापसाचा एकत्र वास अजूनही कुठून आला तर मी सातवीत जाते. तिच्या बोटांना जेन्शन व्हायोलेटचा जांभळा डाग कायम असायचा, आणि भाकरी थापताना तो पिठात उतरेल म्हणून मी लहानपणी जेवायला कुरकुर करायची. रात्री दार वाजलं की वडील उठून कंदील पेटवायचे. दाराबाहेरचा माणूस बोलायचा नाही, नुसता उभा राहायचा. म्हणजे बाळंतपण. आई पाच मिनिटांत तयार व्हायची. परतायची ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, आणि आल्या आल्या पाय कोमट पाण्यात सोडून बसायची. पाय सुजून चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटलेले असायचे. मी शाळेत "आरोग्य खात्यात" म्हणायची ती या पायांना.

मार्च महिन्याचं मात्र तिने कधी मनापासून सांगितलं नाही. कुटुंब नियोजनाचं टार्गेट 1996 नंतर गेलं, त्याआधीची ती वर्षं. नसबंदीच्या "केसेस" आणायच्या. आई एकेका अंगणात तासन् तास बसायची, बाया ऐकायच्या, बापे आतून वाट्टेल ते बोलायचे. एकदा मी तिच्यासोबत होते. एका घरातल्या माणसाने तिला जे म्हटलं ते मला तेव्हा नीट कळलं नाही, पण आईने माझा हात किती घट्ट दाबला ते आठवतं. बारावीला मला मार्क कमी पडले. आमच्या वेळी "नीट" ही प्रवेश परीक्षा नव्हती, बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या मार्कांवरच मेडिकल ठरायचं. तेव्हा मीच म्हणाले, मग मी नर्सिंगला जाते. ती चुलीपुढे होती. मागे न वळता म्हणाली, "तू यात पडू नको. जा, बी.एस्सी. कर, मास्तरीण हो." मी प्राणिशास्त्र घेतलं. ज्या बाईने शेकडो पोरं स्वतःच्या हातांवर झेलली, तिने आपल्या मुलीला त्या कामापासून लांब ठेवलं, आणि त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना ती सुटका जास्त बोचते.

आता मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 माझ्या विषयाचे, 720 पैकी 360 गुण, म्हणजे वर्गात मुलं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात त्यातली निम्मी नजर या आकड्याची आहे. दर मे महिन्यात परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर जाऊन उभी राहते. गेट दीडला बंद होतं. जळगावचं ते ऊन, निंबाच्या झाडाखाली आयाबापांची दाटी, कोणाच्या मांडीवर मुलाचे बूट, कोणाच्या मुठीत मुलीच्या कानातले. लांब बाह्या चालत नाहीत म्हणून कात्री मागत फिरणारी एखादी आई. आणि गेट लागल्यावरची ती शांतता. पुढचे तीन तास कोणीही मोठ्याने बोलत नाही, जसं काही आत ऑपरेशन चालू आहे. कपाशीचं बियाणं घ्यायला ठेवलेले पैसे लातूरच्या क्लासला दिलेला बाप तिथे असतो. केळीच्या बागेवर कर्ज काढलेला असतो. दोन वर्षं रिपीट केलेल्या मुलाची आई असते, तिला आता कोणी काही विचारत नाही, आणि तीही कोणाशी बोलत नाही.

बसमधल्या मुलीचं वर्ष 2024 चं होतं. त्या वर्षी 23 लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. 14 जूनला लागणारा निकाल 4 जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशीच लागला. 67 मुलांना पैकीच्या पैकी. मग 1563 जणांचे वाढीव गुण रद्द झाले, 23 जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली. मग भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर धरायचं असं न्यायालयातून ठरलं, आणि 26 जुलैला सगळ्यांचे गुण पुन्हा नव्याने. तिचे वडील दर दोन दिवसांनी मला फोन करायचे, वावरातूनच, मागे कोळप्याचा आवाज. "मॅडम, परत परीक्षा व्हई का?" मला त्यांना सांगता येत नव्हतं की झाली काय आणि न झाली काय, तुमच्या मुलीचे गुण पाचशेला थोडे कमी आहेत आणि सरकारी एमबीबीएस तिच्यापासून बरंच लांब आहे. खासगी बीएएमएसची फी मी एका कागदावर लिहून दिली. कागद त्यांनी खिशात ठेवला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. धाकटा मुलगा दहावीला होता, रिपीटचा प्रश्नच नव्हता.

नर्सिंगची सीईटी तिने आधीच दिलेली होती. ती मीच द्यायला लावली होती, आणि लावताना काय म्हणाले तेही मला शब्दशः आठवतं. "दे, हाताशी असू दे." घरात जादा मेणबत्ती ठेवावी तसं. नंतर जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर नेहमीचा पसारा झाला. डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता, आणि ज्याची वैधता अजून समितीकडे अडकली आहे त्याचा रडवेला बाप. पसंतीक्रम भरताना मी मुलांना एक चढती शिडी काढून द्यायची. वर एमबीबीएस, मग बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस, मग फिजिओ, आणि अगदी खाली, "नाहीच तर" म्हणून, नर्सिंग. ही शिडी माझ्या तोंडून इतक्या सहज निघायची की त्यात माझी आई कुठल्या पायरीवर उभी आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. त्या वर्षी कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. वैद्यकीय प्रवेशाचे आमचे गुणवंत, चार फोटो. नावांची यादी मी दिली होती. तिचं नाव मी विसरले नव्हते. दिलंच नव्हतं.

म्हणून बसमध्ये तिने डोळे खाली घातले तेव्हा खरं तर मी घालायला हवे होते.

पण त्या दिवशी पुढे जे झालं ते सांगायचं राहिलं. म्हातारीला डॉक्टरीण मिळाल्यावर तिने गुडघा पुढे केला. "मना गुडघा दुखस, काय लेऊ सांग." मला वाटलं, आता मुलगी एखाद्या गोळीचं नाव सांगून मोकळी होईल. तिने गोळी सांगितली नाही. साखर आहे का, विचारलं. होती, आठ वर्षांपासून, गोळ्या कधी घेते, कधी संपल्या की राहतात. मग मुलीने विचारलं, चालताना पायातली चप्पल निसटली तर समजतं का? म्हातारी थोडी थांबली. "नही समजत माय. परवादिन एक चप्पल वावरमाच राही गई, घर वनू तवय समजनं." हे ऐकल्यावर मुलीने सॅक उचलून खाली ठेवली आणि म्हणाली, पाय वर घ्या आजी. म्हातारी संकोचली. पायाला हात लावायचा म्हणजे काय, तेही गाडीत, तेही डॉक्टरीणबाईने. मुलीने स्वतःच तो पाय उचलून मांडीवर घेतला. भेगाळलेला, तापीकाठच्या काळ्या मातीने रेषा भरलेला पाय. नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडला, खड्डा किती वेळ राहतो ते बघितलं. मोबाइलचा टॉर्च लावून एकेका बोटाच्या बेचक्यात पाहिलं. अंगठ्याखाली एक फोड फुटून गेलेला होता, रुपयाएवढा. म्हातारीला त्याचा पत्ताच नव्हता. मुलीने वाकून नाक जवळ नेलं. मी मागच्या सीटवरून बघत होते, आणि गाडी त्या वेळी तापीच्या पुलावर होती. एवढं मला पक्कं आठवतं, कारण चाकांचा आवाज बदलला आणि खिडकीतून एकदम पाण्याचा गार वारा आला.

अमळनेरचं नाव निघालं की आपल्याला साने गुरुजी आठवतात, छात्रालयातल्या आजारी मुलांच्या उशाशी बसणारे. त्याला आपण शुश्रूषा म्हणतो. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ "ऐकण्याची इच्छा" असा आहे. एम.एस्सी.ला असताना कोणाच्या तरी तोंडून हे ऐकलं होतं आणि नुसती गंमत म्हणून लक्षात ठेवलं होतं. त्या दिवशी गुडघ्याचं गाऱ्हाणं ऐकता ऐकता ती मुलगी चपलेपर्यंत पोहोचली आणि चपलेवरून जखमेपर्यंत. पाय कोणी दाखवला नव्हता, तिने तो ऐकून शोधला. वर्गात मज्जासंस्था शिकवताना मधुमेहात पायांची संवेदना का जाते हे मी दर वर्षी सांगते, चेतातंतूची आकृती काढून. निसटलेल्या चपलेचा प्रश्न माझ्या कुठल्याही नोट्समध्ये नाही.

मग तिने अगदी सावकाश, अहिराणीत, चार गोष्टी सांगितल्या. अनवाणी फिरायचं नाही, अंगणातसुद्धा. चुलीजवळ पाय शेकायचे नाहीत. जखमेवर हळद-चुना भरायचा नाही. आणि उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जायचं, गुडघा नंतर, पाय आधी. म्हातारीने तिकीट अजून मुठीतच धरलं होतं. ते मागून घेऊन तिने मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: मधुमेह 8 वर्षे, उजव्या अंगठ्याखाली जखम, संवेदना कमी. "हाई चिठ्ठी दखाडजो." खाली नाव लिहिलं नाही. चोपड्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर म्हातारी उतरली, उतरता उतरता पुन्हा एकदा बोटं मोडली. मुलगी खिडकीतून तिच्या पायांकडे बघत राहिली, ती चप्पल घालून चालते आहे ना म्हणून. स्टँडवर आम्ही एकत्र उतरलो. पायरीवर तिने मला हात दिला. "येते मॅडम," म्हणाली. मी तिला शाबास म्हणायला हवं होतं. "अभ्यास कसा चाललाय?" एवढंच विचारलं.

घरी आईला सगळं सांगितलं. आई आता 78 वर्षांची आहे, ऐकू थोडं कमी येतं, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडून सांगताना स्वतःची चूक फार मोठी ऐकू येते. फ्लेक्सचं सांगितलं, शिडीचं सांगितलं, "आरोग्य खात्यात" चंही सांगितलं, पहिल्यांदाच. ती काहीतरी म्हणेल असं मला वाटत होतं. रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने विचारलं, "जखम कोरडी होती की ओली?"

मला माहीत नव्हतं. "वास घेतला का तिने?" घेतला. "बरं केलं," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "म्हातारी कोणत्या गावाची?" तेही मी विचारलं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं, लहानपणी दप्तर विसरून आल्यावर बघायची तसं. फाटा कोणता होता ते मी सांगितलं, तशी तिने तिथल्या एका आशाताईचं नाव आठवून काढलं, आईच्या हाताखाली कधीकाळी दाई म्हणून काम केलेल्या बाईची ती सून. फोन लावून दे म्हणाली. मी लावून दिला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. माझ्या मनाला काय लागलं ते त्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

मी रात्री तिला विचारलं, मग मला का पाठवलं नाहीस त्यात? तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. "तुझे पाय बघवले नसते," म्हणाली, आणि कूस वळून झोपली. म्हणजे मी त्या मुलीच्या आईला काय सांगणार होते, की हे मोठं काम आहे, लपवू नका? तिच्या आईलाही मुलीचे पाय दिसत असतील. रात्रपाळ्या दिसत असतील, कंत्राटी नोकऱ्यांच्या जाहिराती दिसत असतील. अलीकडे जर्मनीत नर्सना नोकऱ्या मिळतात हे ऐकून दोन-तीन वडील माझ्याकडे नर्सिंगची चौकशी करायला आले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मान होता, आणि मला तो ऐकून आनंदही झाला आणि कुठेतरी दुखलंही. माझ्या आईच्या बाबतीत तो कोणाच्या आवाजात आला नाही. युरोच्या हिशेबात तो आता आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अकरावीच्या प्रवेशासाठी नवा फ्लेक्स करायचं ठरलं, गेल्या काही वर्षांतले आमचे विद्यार्थी. यादी पुन्हा माझ्याकडेच आली. सहा नावं लिहिली, आणि मग त्या मुलीला फोन केला. सांगितलं की तुझा फोटो हवा आहे, खाली बी.एस्सी. नर्सिंग असं स्पष्ट लिहायचं आहे, तुझी हरकत नसेल तर. पलीकडे वॉर्डचा आवाज येत होता, ट्रॉलीच्या चाकांचा, कोणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"मॅडम, त्यावर बाकी कोण कोण आहे?"

मी सांगितलं. चार एमबीबीएस, एक बीडीएस, एक बीएएमएस.

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली. नंतर घाईने, "मॅडम, त्या आजी गेल्या होत्या दवाखान्यात? तुम्हाला काही कळलं?" गेली होती. आशाताईने आईला कळवलं होतं, रोज ड्रेसिंग चालू आहे, बोट वाचेल. ते ऐकून तिने श्वास सोडला, तो मला फोनवर ऐकू आला. मग हाक मारणाऱ्याला "आले" म्हणत तिने फोन ठेवला.

याला आता पाच दिवस झाले. तिचा फोन आलेला नाही, फोटोही नाही. आज फ्लेक्सवाल्याचा निरोप आला, डिझाइन टाकतो आहे, चौकटी किती ठेवू. मी सात सांगितल्या.